नगरपरिषदेने आपला डेटा खुला कसा करावा : मर्यादित मनुष्यबळाच्या कार्यालयासाठी कार्यपद्धती

महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांच्या संकेतस्थळावर ‘माहितीचा अधिकार’ या नावाचे एक पान असते. त्यावर सतरा दुवे असतात आणि त्यांपैकी अंदाजपत्रकाचा दुवा उघडला, की तिरक्या स्कॅन झालेल्या पानांची पीडीएफ समोर येते. कायद्याच्या भाषेत ही माहिती प्रसिद्ध झालेली असते. मात्र गेल्या तीन वर्षांत रस्तेदुरुस्तीवर प्रभागनिहाय किती खर्च झाला, इतका साधा प्रश्नही त्या पीडीएफला विचारता येत नाही, कारण तिच्यातले आकडे संगणकाला आकडे म्हणून वाचताच येत नाहीत. खुला डेटा म्हणताना तीन अटी अभिप्रेत असतात : माहिती न मागता मिळावी, ती बेरीज-वजाबाकी करता येईल अशा तक्त्यात असावी आणि ती पुन्हा वापरण्याची परवानगी लेखी दिलेली असावी. पहिली अट बऱ्याच ठिकाणी अर्धीमुर्धी पाळली जाते. उरलेल्या दोन अटींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हा विषय निघाला, की कार्यालयात पहिली सूचना येते ती पोर्टल उभारण्याची. ती बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन. पुणे महानगरपालिकेने खुल्या डेटासाठी स्वतंत्र दालन सुरू केले, स्मार्ट सिटी अभियानातील शहरांचे माहितीसंच केंद्राच्या संकेतस्थळावर आले आणि या प्रयत्नांतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पण पोर्टल उभारायला एकदाच निधी लागतो, तर त्यावर दर महिन्याला फाइल चढवायला कायमचा माणूस लागतो आणि बहुतेक प्रकल्प तिथेच अडतात. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे : आधी जबाबदारी, मग नोंदवह्या, मग तक्ते आणि सर्वांत शेवटी प्रसिद्धीची जागा. लेख प्रामुख्याने ‘क’ वर्ग (म्हणजे लहान शहराची) नगरपरिषद किंवा नगरपंचायत डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, परंतु महानगरपालिकेच्या एखाद्या विभागालाही तो तसाच लागू पडेल.

कायद्याचा आधार किती आणि कुठपर्यंत

‘वरून आदेश आलेला नाही’ हा आक्षेप हमखास येतो, त्यामुळे आधार आधी पाहून घ्यावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ४ अर्ज करणाऱ्या नागरिकासाठी नसून कार्यालयासाठी आहे. कलम ४(१)(क) नुसार सर्व अभिलेखांची सूची व निर्देशांक तयार करायचे असतात आणि उपलब्ध साधनांनुसार त्यांचे संगणकीकरण करायचे असते. कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करण्याच्या सतरा बाबी आहेत. त्यांत अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन, प्रत्येक यंत्रणेला वाटप झालेली तरतूद व खर्चाचे अहवाल, अनुदान योजनांचा तपशील आणि ज्यांना सवलती, परवाने वा प्राधिकारपत्रे दिली त्यांचा तपशील येतो. चौदावी बाब तर थेट इलेक्ट्रॉनिक स्वरूपात उपलब्ध असलेल्या माहितीविषयी आहे. कलम ४(२) असे सांगते, की लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागेल इतकी माहिती कार्यालयाने नियमितपणे आपण होऊन द्यावी, आणि कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते.

पैशांच्या बाजूनेही दबाव आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी शहरी स्थानिक संस्थांच्या अनुदानाला अशी अट जोडली, की आदल्या वर्षाचे अलेखापरीक्षित आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन, सर्वांना पाहता येतील असे ठेवले पाहिजेत. अनुदान अडेल म्हटल्यावर जे हिशेब वेळेत तयार होऊ शकतात, तेच हिशेब नागरिकांसाठी तक्त्याच्या रूपात ठेवायला नवे काम फारसे पडत नाही.

केंद्राचे राष्ट्रीय डेटा सामायिकरण व सुलभता धोरण २०१२ चे आहे आणि डेटा डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ त्याच वर्षी सुरू झाले. ते धोरण केंद्र सरकारच्या विभागांसाठी असल्याने नगरपरिषदेवर थेट बंधनकारक नाही. मात्र त्यातील व्याख्या आणि नमुने तयार मिळत असताना आपण नव्याने मसुदे लिहीत बसण्याचे कारण नाही.

जबाबदारी व्यक्तीवर नव्हे, पदावर

पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचा एक पानी कार्यालयीन आदेश. शक्य असेल तर तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवून ठराव करून घ्यावा, कारण मुख्याधिकाऱ्यांची बदली झाल्यावर आदेश फाइलमध्ये राहतो, ठराव मात्र इतिवृत्तात राहतो आणि सदस्य त्याविषयी सभेत प्रश्न विचारू शकतात. आदेशात व्यक्तीचे नाव न लिहिता पद लिहावे. प्रत्येक माहितीसंचासमोर एक पद, एक तारीख आणि एक पर्यायी पद एवढे पुरेसे आहे : देयकांचा तक्ता लेखापालांकडे, कामांचा तक्ता नगर अभियंत्यांकडे, सेवा-अर्जांचा तक्ता कार्यालयीन अधीक्षकांकडे.

एकूण समन्वय कोणाकडे द्यावा, यावर मतभेद होतात. संगणक विभागाकडे द्यावा अशी सर्वांची इच्छा असते, आणि लहान नगरपरिषदेत संगणक विभाग म्हणजे अनेकदा कंत्राटी तत्त्वावरचा एक ऑपरेटर असतो. तो फाइल चढवू शकतो, पण आकडा चुकला असेल तर अभियंत्याला जाब विचारू शकत नाही. त्यामुळे समन्वय जन माहिती अधिकाऱ्याकडे किंवा लेखापालांकडे असणे बरे. जन माहिती अधिकाऱ्याचा यात स्वतःचा फायदाही आहे, कारण जी फाइल आधीच संकेतस्थळावर आहे तिच्याविषयी आलेल्या अर्जाला उत्तर म्हणून दुवा कळवता येतो.

कोणत्या नोंदी आहेत याची यादी

यानंतर कार्यालयात कोणकोणत्या नोंदवह्या, एक्सेल फाइली आणि संगणक प्रणाली आहेत, याची एक यादी करावी. यादीत नोंदीचे नाव, विभाग, ती कागदावर आहे की संगणकात, कोणत्या वर्षापासून आहे, किती काळाने अद्ययावत होते आणि तिच्यात व्यक्तिगत तपशील आहेत का, एवढे रकाने असावेत. विभागप्रमुखांना पत्र पाठवून ही यादी येत नाही. प्रत्येक टेबलाजवळ बसून ‘महिन्याच्या शेवटी तुम्ही कोणाला कोणता अहवाल पाठवता?’ असे विचारावे लागते. जिल्हा प्रशासनाकडे, नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे आणि निरनिराळ्या अभियानांच्या संकेतस्थळांवर जाणारे मासिक अहवाल हा तयार डेटाच असतो, फक्त तो वरच्या दिशेने जातो आणि नागरिकांपर्यंत येत नाही.

कोणत्या माहितीला खरी मागणी आहे, हे कळण्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जांची नोंदवही उघडावी. मागील दोन-तीन वर्षांचे अर्ज विषयवार मोजले, की बांधकाम परवानग्या, रस्त्यांची देयके, अतिक्रमणे, पाणीपुरवठा असे विषय आपोआप वर येतात. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. त्या दोन तासांत कोणत्या फाइली मागितल्या जातात, याचीही नोंद ठेवली तर मागणीचा दुसरा, अधिक ताजा पुरावा हाती येतो.

यादी करताना एक जागा हमखास सुटते, ती म्हणजे ठेकेदाराकडे असलेला डेटा. घंटागाड्यांच्या जीपीएसच्या नोंदी, मालमत्ता सर्वेक्षणाचे नकाशे, करवसुलीची प्रणाली, पथदिव्यांची यादी हे सगळे पुष्कळदा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि करार संपला, की नगरपरिषदेच्या हातात पासवर्डसुद्धा उरत नाही. माहिती अधिकार कायद्यातील हक्क सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात ‘किंवा नियंत्रणाखाली’ असलेल्या माहितीला लागू असतो, त्यामुळे ‘तो डेटा कंपनीकडे आहे’ हे उत्तर टिकणारे नाही. यापुढील प्रत्येक निविदेत तीन वाक्ये घालावीत : डेटाची मालकी नगरपरिषदेची राहील; दर महिन्याला तो सर्वसामान्य तक्त्याच्या स्वरूपात नगरपरिषदेला दिला जाईल; आणि अखेरचे देयक संपूर्ण डेटा हस्तांतरित झाल्याच्या दाखल्यानंतरच निघेल. पहिली दोन वाक्ये कागदावर राहण्याचा धोका असतो, तो तिसऱ्या वाक्यामुळे टळतो.

सुरुवात तीन संचांनी

यादीत साठ नोंदी निघाल्या तरी सुरुवात तीनच संचांनी करावी. माझी निवड पुढीलप्रमाणे असेल.

पहिला संच अदा केलेल्या देयकांचा. इंग्लंडमधील स्थानिक परिषदांसाठी २०१५ ची जी पारदर्शकता संहिता आहे, तिच्यानुसार पाचशे पौंडांवरील प्रत्येक खर्चाची नोंद दर तिमाहीला प्रसिद्ध करावी लागते. आपल्याकडे इतका नेमका नियम नसला, तरी नगरपरिषद ठराव करून स्वतःची मर्यादा घालू शकते. मर्यादा कमी ठेवणे इष्ट, कारण ती मोठी ठेवली की देयके तुकड्यांत काढण्याचा मोह वाढतो. तक्त्यात प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, दिनांक, लेखाशीर्ष, निधीचा स्रोत, पुरवठादार किंवा ठेकेदाराचे नाव, कामाचे थोडक्यात वर्णन, कामाचा क्रमांक, देयकाची एकूण रक्कम, कपाती आणि निव्वळ अदा रक्कम असे रकाने असावेत. निव्वळ रक्कम तेवढी दिली, तर सुरक्षा ठेव आणि करकपातीमुळे निविदेच्या रकमेशी ताळमेळ लागत नाही आणि विनाकारण संशय निर्माण होतो.

दुसरा संच चालू कामांचा : कामाचा क्रमांक, नाव, प्रभाग, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, प्रशासकीय मान्यतेची रक्कम, निविदा रक्कम, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, मुदत, मोजमाप पुस्तिकेतील अखेरच्या नोंदीचा दिनांक आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. हा शेवटचा रकाना मी सर्वांत उपयुक्त मानतो. रस्ता दोषदायित्वाच्या काळातच उखडला, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि ती तारीख आज अभियंत्याच्या फाइलबाहेर कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या आणि दुसऱ्या संचातील कामाचा क्रमांक सारखाच ठेवला, तर दोन्ही तक्ते एकमेकांना जोडता येतात. तो वेगवेगळा ठेवला, तर दोन्ही निम्म्या उपयोगाचे ठरतात.

तिसरा संच व्यक्तिगत तपशील नसलेला आणि लोकांना लगेच उपयोगी पडणारा असावा, म्हणजे कार्यालयाचा आत्मविश्वास वाढतो. पाणी सोडण्याचे झोननिहाय वेळापत्रक, सार्वजनिक शौचालयांची ठिकाणे, दवाखाने, किंवा वृक्षगणना. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तिच्यावर खर्च झालेलाच असतो आणि प्रजाती, घेर, ठिकाण हे तपशील कोणाच्याही खासगीपणाला बाधा आणत नाहीत. महानगरपालिकांच्या बाबतीत दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभेपुढे ठेवायच्या पर्यावरण सद्यःस्थिती अहवालातील परिशिष्टेही याच गटात येतात. तो अहवाल जाडजूड छापला जातो, पण त्यामागचे तक्ते क्वचितच बाहेर येतात.

तक्ता स्वच्छ करणे

सर्वाधिक वेळ इथे जातो, आणि बाहेरून आणलेल्या मार्गदर्शिकांचा सर्वांत कमी उपयोगही इथेच होतो, कारण अडचणी आपल्या भाषेच्या आणि आपल्या सवयींच्या आहेत.

जुन्या फाइली बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि शोध तर घेताच येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण लिपीसंकेतात, बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. ती वापरल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात, विशेषतः गल्लीबोळांच्या आणि आडनावांच्या बाबतीत. दहा वर्षांचे सगळे बदलायला बसण्यापेक्षा चालू आर्थिक वर्षापासून नोंदी थेट युनिकोडमध्ये करायच्या आणि मागचे एकेक वर्ष सवडीने घ्यायचे, हे व्यवहार्य आहे.

आकड्यांचे त्रास निराळे. ‘१,२५,०००/-’ असे लिहिलेली रक्कम एक्सेलच्या दृष्टीने शब्द ठरते आणि बेरजेतून निमूट गळते. देवनागरी अंकांत टाकलेल्या रकमेचेही तसेच होण्याची शक्यता असते. म्हणून प्रसिद्धीच्या तक्त्यात रक्कम इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम आणि ‘/-’ न लावता लिहावी. छापील अहवालात देवनागरी अंक खुशाल ठेवावेत. रक्कम रुपयांत आहे, हजारांत आहे की लाखांत, हे रकान्याच्या शीर्षकातच लिहावे, कारण अंदाजपत्रक हजारांत आणि देयके रुपयांत असा घोळ सर्रास असतो.

सर्व्हे क्रमांक आणि गट क्रमांक यांची गंमत आणखी वेगळी आहे. इंग्रजी अंकांत १२/३ असे टाकून पुढच्या घरात गेले, की एक्सेल त्याला तारीख समजते आणि संगणकाच्या मांडणीनुसार १२ मार्च किंवा ३ डिसेंबर करून टाकते. मूळ क्रमांक मग परत मिळत नाही. नोंद सुरू करण्यापूर्वीच तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करून ठेवला, तर हे टळते. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांनाही हाच उपाय लागू आहे. तारखा मात्र सर्वत्र एकाच पद्धतीने, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा लिहाव्यात, म्हणजे क्रम लावताना घोटाळा होत नाही.

तक्त्यात एकत्र केलेली घरे, मध्येच घातलेल्या ‘एकूण’च्या ओळी, रंगाने दाखवलेला अर्थ आणि दोन-दोन मजली शीर्षके ठेवू नयेत. एक ओळ म्हणजे एक नोंद आणि एक रकाना म्हणजे एकच गोष्ट, एवढा नियम पाळला तरी पुरे. अधीक्षकांना वरच्या कार्यालयासाठी सुबक छापील नमुना हवाच असतो. तो या साध्या तक्त्यावरून स्वतंत्र पानावर तयार करावा.

ठिकाणांची नावे हा दीर्घकाळ पुरणारा प्रश्न आहे. ‘शिवाजीनगर’, ‘शिवाजी नगर’ आणि ‘शिवाजीनगर (पूर्व)’ ही संगणकाला तीन वेगळी ठिकाणे वाटतात. एकदाच नावांची प्रमाण यादी करून नोंद करणाऱ्याला त्यातूनच निवड करायला लावावी. संस्थेची ओळख म्हणून केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’मधील संकेतांक वापरावा, म्हणजे इतर जिल्ह्यांतील, सारख्या नावांच्या गावांशी गल्लत होत नाही.

प्रभागनिहाय आकड्यांविषयी थोडे अधिक सावध राहावे लागते, कारण प्रभागरचना निवडणुकीगणिक बदलते. पुणे महानगरपालिकेत २०१२ मध्ये दोन सदस्यांचे ७६ प्रभाग होते, २०१७ मध्ये बहुतांशी चार सदस्यांचे ४१ झाले. शिवाय २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. अशा शहरात ‘प्रभाग क्रमांक १२ मधील खर्च’ ही दहा वर्षांची आलेखरेषा काढणे म्हणजे वेगवेगळ्या जागांची तुलना करणे होय. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला शक्य तिथे अक्षांश-रेखांश द्यावेत, प्रभाग क्रमांकाच्या रकान्यात रचनेचे वर्षही नमूद करावे आणि प्रत्येक रचनेचा सीमानकाशा कायम उपलब्ध ठेवावा. नवी रचना आली म्हणून जुना नकाशा संकेतस्थळावरून काढून टाकू नये.

व्यक्तिगत माहिती : काय झाकावे, काय झाकू नये

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलले असून व्यक्तिगत माहितीचा अपवाद पूर्वीपेक्षा व्यापक झाला आहे. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद (सार्वजनिक हित अधिक मोठे असेल तर अपवादातील माहितीही देता येते) मात्र कायम आहे. या बदलामुळे दोन्ही टोकांच्या चुका संभवतात.

एका टोकाला, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, बँक खाते, घराचा पूर्ण पत्ता, आजार किंवा जात असलेले रकाने जसेच्या तसे चढवले जातात. तक्रारींच्या संचात ही माहिती वर्णनाच्या मजकुरात दडलेली असते, कारण तक्रारदार स्वतःच आपला क्रमांक लिहून जातो. त्यामुळे तक्रारीचा मजकूर न देता प्रकार, प्रभाग, दिनांक आणि निकालाचा दिनांक एवढेच द्यावे. जन्म-मृत्यू, रोगनोंदी, निवृत्तिवेतन योजना यांची केवळ संख्या द्यावी आणि तीही फार लहान असेल तर ‘५ पेक्षा कमी’ असे लिहावे, नाहीतर एका गल्लीतल्या एका रुग्णाची ओळख उघड होते. मालमत्ता कराच्या थकबाकीदारांची नावे जप्ती-लिलावाच्या प्रक्रियेत जाहीर करणे वेगळे आणि तीच यादी कायमस्वरूपी, शोधता येईल अशा तक्त्यात ठेवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी प्रभागनिहाय मागणी, वसुली आणि थकबाकी पुरेशी आहे.

दुसऱ्या टोकाला, ‘व्यक्तिगत माहिती’ हे कारण पुढे करून ठेकेदाराचे नावच झाकले जाते. सार्वजनिक पैशांतून देयक घेणाऱ्या पुरवठादाराचे नाव, मग तो एकल मालकीचा व्यवसाय का असेना, त्या व्यवहाराचा भाग आहे. ई-निविदा प्रणालीवर यशस्वी निविदाकाराचे नाव दिसत असताना नगरपरिषदेच्या तक्त्यात ते वगळण्यात काही अर्थ नाही. बांधकाम परवान्यांच्या बाबतीतही परवाना क्रमांक, भूखंड, मजले, क्षेत्र, दिनांक आणि वास्तुविशारदाचा नोंदणी क्रमांक प्रसिद्ध करण्यास हरकत नसावी. घरमालकाचा मोबाइल क्रमांक त्यात नको. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांबाबत कलम ४ तपशील मागते आणि नवा कायदा संयम मागतो, म्हणून त्या एका संचापुरता विधी सल्लागारांचा लेखी अभिप्राय घेऊन ठेवावा.

फाइल, वर्णनपत्र आणि परवाना

प्रत्येक संच सीएसव्ही स्वरूपात (कोणत्याही प्रणालीत उघडणारा साधा, स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला तक्ता) द्यावा, सोबत एक्सेल प्रत द्यावी आणि सहीशिक्क्याची पीडीएफ पुरावा म्हणून शेजारी ठेवावी. सीएसव्ही साठवताना एक्सेलमधील ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा. साध्या पर्यायात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. नकाशासाठी केएमएल किंवा जिओजेसन हे फाइलचे प्रकार चालतात.

प्रत्येक फाइलसोबत अर्ध्या पानाचे वर्णनपत्र हवे. त्यात संचाचे नाव, कालावधी, स्रोत नोंदवही, जबाबदार पद, अद्ययावत करण्याची वारंवारता, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि ज्ञात उणिवा लिहाव्यात. उणिवा लिहिण्यास कर्मचारी बिचकतात. तरीही ‘जून महिन्यातील विद्युत विभागाची देयके यात नाहीत’ हे स्वतः लिहिलेले वाक्य कार्यालयाला नंतरच्या आरोपापासून वाचवते. चूक आढळल्यास जुनी फाइल गुपचूप बदलू नये. दुरुस्त फाइल नव्या दिनांकासह ठेवावी आणि काय बदलले ते एका ओळीत सांगावे.

परवान्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया’ हा नमुना सोयीचा आहे. स्रोताचा उल्लेख करून व्यावसायिक वापरासह कोणताही वैध वापर करण्यास तो मुभा देतो आणि व्यक्तिगत माहिती व शासकीय चिन्हे यांना वगळतो. पानाच्या तळाशी ‘सर्व हक्क राखीव’ असे आपोआप छापलेले असते, ते या पानापुरते काढायला विसरू नये.

प्रसिद्धीची जागा आणि वेळापत्रक

आता संकेतस्थळाकडे वळता येईल. असलेल्याच संकेतस्थळावर ‘खुला डेटा’ नावाचे एक पान, त्यावर संचांची यादी, प्रत्येकासमोर शेवटच्या अद्ययावतीकरणाचा दिनांक आणि पुढील अपेक्षित दिनांक, एवढी व्यवस्था पहिल्या वर्षाला पुरते. पुढील दिनांक जाहीर केल्याने आतल्या माणसांवर जितका परिणाम होतो, तितका स्मरणपत्रांनी होत नाही. देयकांचा तक्ता पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत आणि कामांचा तक्ता तिमाहीला, हा वेग झेपण्याजोगा आहे. फाइलींचे दुवे कायम राहतील याची दक्षता घ्यावी. संकेतस्थळाचा ठेकेदार बदलला, की जुने दुवे मोडतात, म्हणून त्याच्या करारातही हस्तांतराची अट हवी.

ज्यांच्यापर्यंत संकेतस्थळ पोहोचत नाही, त्यांच्यासाठी प्रभागातील चालू कामांचे एक पान काढून नगरपरिषदेच्या आणि प्रभागातील सूचना फलकावर लावावे. ग्रामपंचायतींना यातील बराच भाग तयार मिळतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर विकास आराखडा आणि जमाखर्च कोणालाही पाहता येतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते आकडे छापून ग्रामसभेत ठेवले, तरी मोठे काम होईल.

चुका कळवण्यासाठी एक ई-मेल पत्ता द्यावा आणि आलेल्या प्रत्येक सूचनेचे काय केले, ते त्याच पानावर लिहावे. तिमाहीतून एकदा स्थानिक महाविद्यालयातील वाणिज्य किंवा संगणकशास्त्राचे विद्यार्थी, वार्ताहर आणि नागरिक मंचांचे कार्यकर्ते यांना बोलावून तक्ते दाखवावेत. कोणता रकाना कमी आहे, हे त्यांच्या प्रश्नांतूनच कळते.

कार्यालय पुढे येत नसेल तर

नागरिकांच्या हातात माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, फक्त तो डेटा मागण्याच्या दृष्टीने लिहावा लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांपर्यंतचा असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि तो राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही करता येतो. ‘सर्व रस्त्यांची संपूर्ण माहिती द्यावी’ असे मोघम लिहिल्यास नकार ओढवतो. त्याऐवजी संचाचे नाव, कालावधी आणि रकाने नेमके लिहावेत. उदाहरणार्थ : ‘१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या कालावधीत बांधकाम विभागाने अदा केलेल्या देयकांची प्रमाणक क्रमांक, दिनांक, लेखाशीर्ष, ठेकेदाराचे नाव, कामाचे नाव व रक्कम या रकान्यांसह यादी, ती संगणक प्रणालीत ज्या एक्सेल वा सीएसव्ही स्वरूपात उपलब्ध आहे त्याच स्वरूपात, ई-मेलने द्यावी.’ कलम २(ञ) इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क देते आणि कलम ७(९) नुसार, साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडणार नसेल तर माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. अर्जात या दोन्ही कलमांचा उल्लेख असू द्यावा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा एक्सेलऐवजी छायाप्रतींचा गठ्ठा देऊ केला, तर त्यानंतरच्या तीस दिवसांत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि तिथेही निराशा झाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे अपील करता येते. अपिलात केवळ स्वतःला फाइल मिळावी एवढेच न मागता, हाच तक्ता कलम ४(२) नुसार यापुढे दर महिन्याला संकेतस्थळावर ठेवावा, अशी मागणी जोडावी. कलम १९(८) नुसार अभिलेखांचे व्यवस्थापन व माहितीची प्रसिद्धी याबाबत कार्यालयाला आवश्यक पावले उचलायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि त्या अधिकाराचा उल्लेख प्रथम अपिलापासूनच केलेला बरा.